वरचं दूध

आठव्या महिन्यातच आलीस.
'सातव्यातलं एकवेळ जगतं, आठव्यातलं नाही,'
फोनवर आत्या बोलून गेली,
हेरंबने फोन माझ्या हातातून हळूच काढून घेतला.
एकोणीस दिवस तू काचेत
आणि मी पंपाशी.
घर्र, घर्र, तळाशी चार थेंब,
झाकणावर चिकटपट्टी, तारीख, वेळ,
तुझ्या बापाचं आडनाव अरबीत चुकलेलं.

तिथेच तुला बाटली लागली.
दोष देत नाही. तिनेच जगवलं तुला.
बाटली बिचारी काही मागत नाही,
उलटी केली की देते.
वरचं दूध म्हणतात आपल्यात.
पण त्यातलं निम्मं माझंच होतं.
वरचं म्हणजे कुणाच्या वरचं?

आता घरी. फहाहीलात, चौथ्या मजल्यावर.
खिडकीबाहेर अठ्ठेचाळीस अंश आणि पिवळी धूळ,
आत पडदे ओढलेले, आणि तू
जवळ घेतलं की कमानीसारखी मागे वळतेस,
मुठी आवळून, लालबुंद,
जणू कुणी परकी बाई
ओळखपाळख नसताना अंगाशी आली.
दोघी रडतो. मग बाटली. मग शांतता.
त्या शांततेत माझा कुर्ता भिजत राहतो,
त्याचं काय करायचं, कुणी सांगितलेलं नसतं.

आई व्हिडिओवर विचारते, 'अंगावर पिते ना गं?'
मी म्हणते, 'पिते.'
आणि पुढचं विचारायच्या आत
रेंज गेल्याचं नाटक करते.

ड्यूटी संपवून सिस्टर इख्लास येते, सुदानची,
बोटांवर काळ्याभोर मेंदीची नक्षी.
तिची हिंदी मोडकी, माझी अरबी त्याहून.
म्हणते, भुकेली असताना शिकवू नकोस,
भुकेल्या पोराला कुणी शाळेत घालतं का?
आधी बाटलीने अर्धं पोट भर.
आडवी धर बाटली, थांबत थांबत दे,
तिलाही थोडं ओढू दे.
मग कपडे काढ, तिचे आणि तुझे,
छातीवर टाक, आणि काही करू नकोस.
'काही करू नकोस' तीनदा म्हणाली.
शवय, शवय. हळूहळू.

मग आम्ही काही केलं नाही.
सात दुपारी.
तुझा गाल माझ्या गळ्याखालच्या हाडावर,
टाळूला तेलाचा वास.
कधी नुसतं हुंगलंस.
एकदा चाटलंस आणि तोंड वाकडं केलंस.
मी हसले, छाती हलली, तू दचकलीस.

हेरंब शुऐबाला, समुद्राचं पाणी गोडं करतात त्या प्लांटवर.
रात्रपाळीहून येतो, भुवयांवर घामाचं मीठ,
न बोलता बाटल्या उकळतो.
एकदाच म्हणाला,
'आमच्याकडेपण पहिलं पाणी टाकूनच देतात,
लगेच पिण्याजोगं येत नाही.'
हे सांत्वन होतं की माहिती,
मी विचारलं नाही.

काल पहाटे, बांग व्हायच्या आधी,
दिवा लावला नव्हता. तू झोपेतच होतीस,
मीही अर्धी.
ओठांना थेंब लावला, इख्लासने दाखवला तसा,
आणि तू तोंड उघडलंस, जांभईएवढं,
आणि धरलंस.
दुखलं. ओरडलेच असते.
मग एक ओढ लागली, पार पाठीपर्यंत,
आणि तुझ्या घशात आवाज: गट्.
लुचणं. शब्द आठवला.
इतके दिवस फायलीत नुसते मिलिलिटर होते.
गट्. थांबलीस. गट्, गट्.
मी मोजत होते, मग मोजायचं राहिलं.
दुसरीकडची धार आपली आपणच सुटली
चादरीवर, हेरंबच्या उशीवर.

दीड मिनिट असेल. सोडलंस, झोपलीस.
ओठाच्या कोपऱ्यात पांढरं.

आज सकाळी पुन्हा कमान, पुन्हा मुठी.
बाटली दिली, आडवी धरून.
आणि आईला मीच फोन लावला.
'पीत नाही गं. काल एकदा प्याली.'
पलीकडे ती बराच वेळ बोलली नाही.
रेंज होती.